काचबंगल्यातली करंगळी

नंदुरबार, मणियार मोहल्ला
ता. १२ जानेवारी १९३७

सालेहाच्या अब्बांना,

सलाम. तुमचं पत्र पोहोचलं. दुकानाला कुलूप घाल, सालेहाला घे आणि बकरी ईदच्या आत नवापूरला कायमची राहायला ये, सोराबशेठनी काचबंगल्यामागं खोली दिली आहे, असं तुम्ही लिहिता. येते की नाही ते लगेच कळव, असंही लिहिता. स्वतः दोन-दोन महिने एक ओळ लिहायची नाही आणि माझं उत्तर मात्र लगेच हवं.

तर ऐका. मी नवापूरला येऊन गेले. परवाच्या रविवारी. तुम्ही शेठबरोबर सुरतेला गेला होतात हे मला ठाऊक होतं, म्हणूनच आले. नवऱ्याच्या गावाला बायकोनं चोरासारखं जावं ही वेळ तुम्ही आणलीत. अख्ख्या बाजारात ज्याला विचारावं त्यानं काचबंगला बघितलेला. तेली बघून आला, शिंपी बघून आला, कोरीटची तुळशीबाई नातवंडं घेऊन बघून आली. दुकानात बांगड्या भरायला हात पुढं करून बसतात आणि मलाच सांगतात, "शहाबानो, तुन्हा नवरानी काय मोर बनाडेल शे!" मी हसते आणि माप बघते. नवरा माझा, आणि त्याचं काम मला गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकावं लागतं.

शेजारच्या रंजनाबाईची नणंद नवापूरला दिलेली आहे. संक्रांतीसाठी तिला आणि तिच्या जावांना बांगड्या भरायच्या होत्या, ते निमित्त धरलं. सालेहाला चाचीकडं ठेवली, बांगड्यांचं गाठोडं बांधलं आणि रंजनाबाईबरोबर सुरतेच्या गाडीत बसले. संक्रांतीच्या आधीचा रविवार म्हणजे आम्हा मणियारांची सुगी, ती सोडून आले, तेवढं लक्षात असू द्या.

बंगला चांगला आहे, खोल्याखोल्यांतून नुसती काचेची कामं. लाकडाच्या ठेक्यात मिळवलेलं माणूस दारूत घालवतं, तुमच्या पारशी शेठनी काचेत घातलं, बरं केलं. दारावरच्या चैत्यानं आम्हाला चपला काढायला लावल्या आणि कुठंही हात लावायचा नाही असं बजावलं. डोंगरातला माणूस, पण बोलायला नरम. द्राक्षांचा घड बघून रंजनाबाईला तहान लागली. विलायतेची ती काचेची बाई आहे ना, जिच्या अंगावर कपडा आहे म्हणावं तर आहे आणि नाही म्हणावं तर नाही, तिच्यासमोर रंजनाबाईनं पदर तोंडाला लावला आणि मग बोटांच्या फटीतून तिला नीट निरखून घेतली.

शेवटच्या खोलीत तुमची कामं. मोर खरंच देखणा झालाय. मासा त्याहून देखणा, आत्ता निसटेल असा. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. रंजनाबाई खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "बाई वं, हाऊ ते जित्ता हातनामायक दिखस. कोना व्हई?"

मी बघितलं. मनगटापासून वरचा उजवा हात. अंगठा तळव्यात दुमडलेला, बोटं चोचीसारखी एकत्र केलेली, बाई बांगडी भरायला हात देते तसा. चैत्या म्हणाला, खालच्या पाटीवर "नवरीचा हात" लिहिलंय.

कोणाची नवरी ते पाटीवर नाही. मला पाटीची गरजही नाही. मणियारणीला तोंडं आठवत नाहीत, हात आठवतात. अंगठ्याखालचं ते हाड, जिथं प्रत्येक बांगडी अडायची. ती आत वळलेली करंगळी. तुमच्या पहिल्या बायकोच्या, हलीमाच्या लग्नाचा चुडा माझ्या आईनं भरला तेव्हा मी शेजारी बसून बांगड्या पुढं करत होते. सातव्या महिन्यात मीच भरला. आणि सालेहा दीड वर्षाची असताना तापानं ती गेली, तेव्हा गुसल, शेवटची आंघोळ, घालायच्या आधी शेवटचा चुडाही मीच उतरवला, एकही बांगडी फुटू न देता. तिचा हात जिवंतपणी परक्या पुरुषाला दिसला नाही. तो तुम्ही आता दर रविवारी वाटेवरच्या कोणालाही दाखवता.

मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. जिवंत सवत असती तर भांडले असते, तिच्या कालवणात मीठ जास्त झालं म्हणून हिणवलं असतं. मेलेल्या सवतीचं मीठ कधी जास्त होत नाही. तुमच्याशी निकाह लावून मला पाच वर्षं झाली. एवढ्या दिवसांत माझ्यासाठी काचेचं काय केलंत? एक दौत. तीही गळते. हे पत्र लिहिताना माझी बोटं निळी झाली आहेत.

येते की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तिथं येऊन रोज सकाळी त्या खोलीसमोरून पाणी भरायला जायचं असेल तर मला विचार करावा लागेल.

आणखी एक. रविवारी गर्दी फार होती. कशाला कोणाचा धक्का लागला असेल तर मला माहीत नाही.

शहाबानो

*

नंदुरबार
ता. २५ जानेवारी १९३७

सालेहाच्या अब्बांना,

सलाम. तुमचं पत्र वाचलं. हाताची करंगळी मोडली, चुरा झाला, त्यासाठी शेठनी चैत्याला कामावरून काढला आणि तो बायको-पोरं घेऊन वर सातपुड्यात परत गेला, असं लिहिलंत. वर असंही लिहिलंत की काचेच्या मनगटात कोणीतरी एक हिरवी बांगडी घालून ठेवली होती, तो खोडसाळपणा कोणी केला कळत नाही.

कळत नाही? अहो, ती बांगडी माझ्या दुकानातून वीस वेळा तुमच्या डोळ्यांखालून गेलेली आहे. बारीक हिरवी, मधे पिवळी रेघ. नवापुरात ती कोण विकतं? तुम्ही मणियाराचे जावई आणि बांगडी बघून तुम्हाला बायको आठवली नाही?

चैत्याला परत बोलवा. आजच माणूस पाठवा. करंगळी मी मोडली.

रंजनाबाईला घेऊन चैत्या शेजारच्या खोलीत गेला होता, तिला काचेचा कोंबडा बघायचा होता. मी एकटी तिथं उभी होते. रागानं डोकं भणभणत होतं. मनात आलं, हिला काय कमी आहे? माझं घर हिचं होतं, माझा नवरा हिचा होता, माझी लेक हिनं जन्माला घातली आणि आता शेठच्या बंगल्यात खिडकीतला उजेडही हिलाच. हे सगळं मनात चाललेलं, आणि डोळे गेले मनगटाकडं. उघडं मनगट. नवरीचा हात म्हणता आणि त्यात एक बांगडी नाही! आमच्यात बाईनं हात पुढं केला की तो रिकामा सोडत नाहीत. गिऱ्हाईक भांडून उठलं तरी निदान एक तरी भरून, मगच हात सोडायचा. माझ्या आईचा हात त्यासाठी माझ्या पाठीत बसलेला आहे.

मी गाठोडं सोडलं. हिरवी काढली. आणि सवयीनं जे करते तेच केलं. डाव्या हातानं तिची बोटं धरली आणि करंगळीखालचं हाड आत दाबलं. जिवंत हात दबतो हो. कितीही ताठ बाई असो, तिथं दाबलं की हात लहान होतो. काच कुठली लहान होते? नुसतं टच् असं वाजलं. करंगळी खाली फरशीवर पडून तिची साखर झाली आणि बांगडी सुरकन मनगटात गेली.

रागानं दाबलं की सवयीनं, ते तुम्ही मला विचाराल. मी स्वतःला रोज विचारते आहे. माझं मलाच खरं कळत नाही, तर तुम्हाला काय लिहू? रडले मात्र नाही. पायानं चुरा कोनाड्याखाली सारला, रंजनाबाईला म्हणाले गाडी चुकेल, आणि निघाले. तिला अजून माहीत नाही.

शेठना काय सांगायचं ते सांगा. माझ्या बायकोनं मोडलं म्हणा, लाज वाटत असेल तर मणियारणीनं मोडलं म्हणा, पण चैत्याच्या पोटावर पाय नको. त्यानं सांगितलं होतं हात लावू नका. जे व्हायचं ते तुमचं-माझं होऊ द्या.

आता तुम्हालाच मी तिथं नको असेन. तसं असेल तर तेही लगेच कळवा.

शहाबानो

*

नंदुरबार
ता. ६ फेब्रुवारी १९३७

सालेहाच्या अब्बांना,

सलाम. चैत्या दारावर परत बसला हे वाचून घास गोड लागला. शेठ पोट धरून हसले म्हणता. बड्या माणसांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही. तुम्ही रागावला नाहीत, याचा मला राग आला. माझ्यावर ओरडायलाही तुमच्याकडं काही नाही का?

आणि मग खाली तुम्ही ते लिहिलंत. नवी करंगळी करून राळेनं बसवायची, सांध्यावर अंगठी घालायची, म्हणजे कोणाला दिसणार नाही. पण भट्टीपुढं बसलं की बोट सरळच येतं. पहिल्या वेळी आपोआप वळलं होतं, आता कसं होतं तेच आठवत नाही. "तू तिला बांगड्या भरायचीस, तिची करंगळी कशी होती ते नीट लिहून पाठव."

हे मी दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक होतं. खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. विसरला! मेली एकदाची, असं मनात आलं, अल्ला माफ करो. त्या बाईला मी चार बांगड्या जास्त भरल्या. दुपारपर्यंत मी गुणगुणत होते, असं सालेहा म्हणते.

दुपारी आनंद उतरला. म्हटलं, ज्या बाईसाठी हा माणूस वर्षभर जेवला नाही, जिचा हात त्यानं आगीतून काढला, तिचं बोट त्याला आठवत नाही. मग मी मेल्यावर माझं काय आठवेल? मेल्यावर कशाला, मी नंदुरबारात आणि तो नवापूरला, आत्ताच काय आठवत असेल?

तर लिहून पाठवायची गरज नाही. हलीमाची करंगळी तुमच्या घरात आहे. सालेहाच्या उजव्या हाताला. तशीच आत वळलेली, तस्सं नख, आणि अंगठ्याखाली तेच अडेल हाड. दर ईदला मी त्या हाडाशी झगडते आणि पोरगी ओरडते, "अम्मी, दुखी ऱ्हायनं!" साडेसात वर्षांची झाली पोर. त्याच हातानं तुमचं बोट धरून ती चालायला शिकली, तिनं तुमच्या ताटातलं खाल्लं, तुमची दाढी ओढली. तुम्ही बाप आहात. एकदाही बघितलं नाहीत? मेलेलीचा हात काचेत शोधत होतात आणि तो तुमच्या मांडीवर बसला होता.

तुमचं पत्र वाचून मी सालेहाला जवळ घेतलं आणि मुद्दाम एक बांगडी भरायला घेतली, करंगळी नीट बघावी म्हणून. तिनं अंगठा दुमडला, बोटं जुळवली. अगदी काचबंगल्यातल्यासारखी. आणि मग मला जे दिसलं ते मी तिथं उभी असताना दिसलं नव्हतं.

तो हात तसा एकटा राहत नाही. कोणाचाच राहत नाही. करून बघा तुम्ही स्वतः, बोटं तशी जुळवून मनगट तसं सैल सोडून बघा. ते दुसऱ्यानं धरलेलं असतं तेव्हाच तसं पडतं. लग्नाच्या दिवशी तुम्ही दाराच्या फटीतून डोकावत होतात, आई तुम्हाला ओरडली होती, मला आठवतं. तेव्हा आईचा हात थकला म्हणून शेवटच्या बांगड्या मी भरल्या. हलीमाचा हात माझ्या हातात होता. तुम्ही जे बघितलंत त्यात दोन हात होते. तुम्ही एक केलात आणि दुसरा पुसून टाकलात. पंधरा वर्षांची होते मी. तेव्हाही तुमच्या डोळ्यांसमोर होते आणि तुम्ही मला बघितलं नाही.

आता मला बोट जळावं तसं जळतंय, ते हलीमामुळं नाही. ती बिचारी काय, तिनं हात दिला होता फक्त. हलीमा वाईट असती तर बरं झालं असतं. बांगडी भरून झाली की ती माझ्या हाताला डोळे लावायची, हिंदू बाया करतात तसं, तिच्या माहेरी शेजारणींचं बघून शिकलेली. तिच्यावर नीट जळताही येत नाही.

म्हणून आता माझं उत्तर. तुम्ही मला तिचं बोट विचारलंत, मी सांगितलं. आता मी तुम्हाला विचारते. माझे हात कसे आहेत? दोन्ही. न बघता, कोणाला न विचारता, लिहून पाठवा. बरोबर लिहिलंत तर ईदच्या आत येते. नाही तर सालेहाला माझ्या भावाबरोबर पाठवीन, तिचं बोट बघून करंगळी करा, पोरगी परत पाठवा, आणि तुमच्या खोलीत तुम्ही आणि तुमची काच सुखानं राहा. मला माझं दुकान आहे.

शहाबानो

*

नंदुरबार
ता. १५ फेब्रुवारी १९३७

सालेहाच्या अब्बांना,

सलाम. तुमचं उत्तर आलं. चाचीनं विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं, भाव वाढलेत.

सगळं चूक आहे. भाजल्याची खूण डाव्या हाताला लिहिलीत, ती उजव्या हाताला आहे. बोटं लांब लिहिलीत, आखूड आहेत. नखं मी वाढवत नाही, बांगडीवाल्या बाईनं नखं वाढवली तर गिऱ्हाइकाला ओरखडे येतील, एवढंही सुचलं नाही. करंगळी सरळ म्हणालात, ती बाकीच्या बोटांपासून फटकून उभी असते, माझ्यासारखीच. चुलीत घालावं असं पत्र होतं. घालायला उठलेही होते.

पण खाली, सहीच्याही खाली, तुम्ही आणखी लिहिलं होतं. "दिसतात कसे ते मला सांगता येत नाही, शहाबानो. मला मागं ताप आला होता तेव्हा तू कपाळावर हात ठेवून बसायचीस. तळवा खरखरीत होता, काचेच्या किरचांनी कापलेला. लागायचा. पण तू तो उचललास की माझी झोप मोडायची, म्हणून मी जागा आहे हे तुला कळू देत नव्हतो."

ते मी परत परत वाचलं. खरखरीत आहे. ते बरोबर आहे. तेवढं एकच बरोबर आहे, आणि ते कोणी दारातून डोकावून बघितलेलं नाही. डोळे मिटून ओळखलंत. आम्ही मणियारणी हात असाच ओळखतो. मग तेव्हा डोळे का उघडले नाहीत हो? एवढी वर्षं मी समजत होते, तुम्ही तिच्या स्वप्नात आहात आणि मी कपाळ दाबते आहे.

येते. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं, सालेहाला घेऊन. दुकानाला कुलूप घालणार नाही, चाची बसेल. मी माझं गाठोडं बरोबर आणते आहे, नवापूरच्या बायांनाही मनगटं असतील. सालेहाला सगळं सांगितलं. ते तिच्या आईच्या हातासारखं बोट आहे हे कळल्यापासून ती ते कोणाला हात लावू देत नाही, भात कालवतानाही वर धरते. करंगळी तिच्यावरून करा. काचेच्या मनगटात ती हिरवी बांगडी राहू द्या, शेठ काही म्हणाले तरी. माझा जीव अजून जळतो आहे, तो एका दिवसात थांबेल असं समजू नका. त्या खोलीसमोरून पाणी भरायला जाताना मी तोंड वाकडं करीन, ते तुम्ही सहन करायचं.

एकच गोष्ट मागते. मी जन्मभर दुसऱ्यांचे हात हातात धरले. माझा कोणी धरला नाही, धरायला जो होता तो झोपेचं सोंग घेऊन पडला होता. स्टेशनवर सामान चैत्याकडं द्या आणि गाडीतून उतरताना माझा हात धरा. उजवा, भाजलेला. काचबंगल्यापर्यंत सोडायचा नाही. बाजारातून जायचंय, लोक बघतील, मौलवीसाहेब बघतील, चारचौघांत बायकोचा हात धरला म्हणून हसतील, ते मला माहीत आहे. तुम्हाला लाज वाटेल. तिचा हात दर रविवारी अख्ख्या मुलखाला दाखवता, तेव्हा नाही वाटत. मग माझा धरायला काय झालं?

शहाबानो